दोन दारं, एक लेकरू : लेकीला नेणाऱ्या बाबांसाठी, लेकाला नेणाऱ्या आईंसाठी

मे महिन्यातली सकाळ. सात वाजताच ऊन चटके देत होतं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका जलतरण तलावावर साडेपाच वर्षांच्या लेकीचा ओला हात धरून मी उभा होतो. समोर दोन दारं. एकावर 'पुरुष', दुसऱ्यावर 'महिला'. तिची आई स्टाफ नर्स, त्या महिन्यात सकाळची पाळी, म्हणून पोहायला न्यायचं काम माझ्याकडं. फॉर्म, फी, टोपी, गॉगल, सगळं वेळेत केलं होतं. ही दोन दारं तेवढी हिशेबात धरायची राहिली.

वॉचमनकाका म्हणाले, "न्या की पुरुषांच्यात. लेकरूच हाय." नेलं. आत आठ-दहा जण. कुणी अंडरवेअरवर, कुणी साबण लावलेला. एका आजोबांनी घाईनं टॉवेल ओढला, तो नेमका खालच्या पाण्यात पडला. लेकीनं मोठ्यानं विचारलं, "बाबा, हे आबा असे कामून उभे आहेत?"

दुसऱ्या दिवशी तिला महिलांच्या दारातून एकटीला आत पाठवलं आणि बाहेरून "चड्डी निळ्या पिशवीत आहे गं" असं ओरडत राहिलो. आतून एका बाईंनी सुनावलं, "ओ भाऊ, दारातून बाजूला व्हा आधी." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी लिंबाच्या झाडाखाली टॉवेल धरून कपडे बदलले, तर कुंपणापलीकडं दोन पोरं बघत उभी.

तिकडं परभणीला माझ्या ताईचं उलटं. तिला मुलगा, आणि तिचे यजमान फिरतीच्या नोकरीत. तीन उन्हाळे आम्ही दोघा भावंडांनी फोनवर एकमेकांना काय चुकलं ते सांगितलं, त्यातून हा लेख झाला. आमचं एकमत असं की कुठल्या दारानं जायचं हे तलावावर ठरत नाही. ते घरच्या न्हाणीत ठरतं.

१. वयाचा आकडा शोधत बसू नका

सगळ्यात आधी लोक विचारतात, "किती वर्षांपर्यंत चालतं?" प्रत्येक ठिकाणाचा नियम वेगळा, आणि बऱ्याच ठिकाणी तो लिहिलेलाही नसतो; मावशींच्या किंवा वॉचमनच्या डोक्यात असतो. रेल्वेच्या महिला डब्यात आईबरोबर बारा वर्षांखालचा मुलगा चालतो, म्हणून इथंही चालला पाहिजे असा वाद काही जण घालतात. घालू नका. डब्यात कुणी कपडे बदलत नसतं. जपानमध्ये सार्वजनिक स्नानगृहांची चाल फार जुनी. तिथल्या सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा दहा वर्षांची होती. २०२० साली ती खाली आणून साधारण सात वर्षांवर ठेवली. म्हणजे ज्यांना पिढ्यानपिढ्यांची सवय, त्यांनाही ती पुन्हा तपासावी लागली.

आमचा घरगुती हिशेब असा. पाच वर्षांपर्यंत ज्या पालकाबरोबर आलं त्याच्या खोलीत जावं. पाच ते सात जमेल तसं, पण आडोशातच. सातनंतर नाही, अगदी गळ्याशी आलं तरच.

पण आकड्याच्या आधी लेकरू स्वतः सांगत असतं. घरी कपडे बदलताना दार लोटून घ्यायला लागलं, "तिकडं तोंड कर" म्हणायला लागलं, की समजा वेळ झाली. ताईच्या हे लक्षात आलं नाही. भाचा आठ वर्षांचा, तिसरीत. ती त्याला महिलांच्या खोलीत नेत राहिली, कारण तिच्या मते "तो अजून लहानच." एक दिवस आत त्याच्या वर्गातली मुलगी भेटली, तिच्या आईसोबत. दोघं एकमेकांकडं बघून दगडासारखे झाले. पोरगं चार दिवस पाण्यात उतरलं नाही. पोट दुखतंय म्हणायचं.

आणि दुसऱ्या बाजूचंही बघा. त्या खोलीत बारा-तेरा वर्षांच्या मुली असतात, त्यांना आपलं अंगच नवीन झालेलं असतं. तुमचं आठ वर्षांचं लेकरू तुम्हाला बाळ वाटतं, त्यांना वाटत नाही. एखादी बाई तक्रार करते तेव्हा ती तुमच्या संस्कारांवर बोट ठेवत नसते. तिला तिची खोली हवी असते, बस.

२. पैसे भरायच्या आधी आत जाऊन बघा

तलाव साफसफाईला रिकामा असतो त्या वेळेला जा आणि दोन्ही खोल्या बघू द्या म्हणा. महिलांची खोली बाबांना दाखवत नसतील तर आजीला, मावशीला न्या. बघायचं ते हे: आत स्वतंत्र कप्पे आहेत की एकच मोठी मोकळी खोली? कप्प्याला कडी आहे का, आणि ती लेकराच्या हाताला पुरते का? कडी फार वर असेल तर तो कप्पा लेकरासाठी नाहीच. कपडे अडकवायला खुंटी आहे का? फरशी निसरडी आहे का? अपंगांसाठीचं शौचालय आहे का, आणि त्याचं कुलूप कुणाकडं असतं?

मग माणसांची चौकशी. महिला कोच आहेत का? मदतनीस मावशी कोणत्या बॅचला असतात? हा प्रश्न नीट विचारा, कारण "मावशी असतात" हे उत्तर सगळीकडं मिळतं आणि त्या फक्त लेडीज बॅचलाच असतात हे नंतर कळतं.

लेडीज बॅचचा आणखी एक पेच. आईबरोबर छोटा मुलगा त्यात बहुतेक चालतो. पण बाबा लेकीला घेऊन गेला तर त्याला फाटकाच्या आत घेत नाहीत, कठड्यावर बसूनही बघता येत नाही. म्हणजे लेकीला फाटकावर कुणाच्या तरी हवाली करायचं, तास-दीड तास बाहेर उभं राहायचं. मी दोन दिवस करून बघितलं आणि जनरल बॅच घेतली.

फॉर्मसाठी साधारण हे मागतात:

- लेकराचे दोन-तीन पासपोर्ट फोटो
- लेकराच्या आणि पालकाच्या आधारची झेरॉक्स
- वयासाठी जन्मदाखला
- डॉक्टरांचा फिटनेस दाखला
- काही ठिकाणी उंची मोजतात, ती आधीच विचारून घ्या

फॉर्मवर 'पालक' या रकान्यात एकच ओळ असते. तिथं आई आणि बाबा दोघांची नावं लिहा, शिवाय अधूनमधून सोबत येणाऱ्या आजी, आत्या, मामीचंही नाव आणि नंबर खाली लिहून सही करा. हे मी पहिल्या वर्षी केलं नव्हतं. एकदा माझी मेहुणी लेकीला घ्यायला गेली तर तिला लेकरू देईनात. देऊ नये हेच बरोबर, पण लेकरू अर्धा तास ओल्या कपड्यात बसलं.

३. घरूनच घालून निघा

निम्मा प्रश्न इथंच संपतो. पोहायचे कपडे घरी घालायचे, वरून सैल फ्रॉक किंवा टी-शर्ट. तलावावर वरचं काढलं की झालं. जाताना खोलीत पाऊल टाकायची गरजच नाही.

राहिला परतीचा प्रवास. ओलं लेकरू स्कूटरवर घरी न्यायचं तर सीट भिजतं, वारं लागतं, आणि कुडकुडत येतं तेही बेचाळीस अंश तापमानात, हा एक वेगळाच विनोद. त्याला तोड माझ्या आईनं काढली. तिच्या जुन्या सुती गाऊनचं खालचं अर्धं कापलं, वरच्या काठाला नेफा शिवून त्यात नाडीऐवजी इलॅस्टिक घातलं. लेकीच्या गळ्यात तो घातला की घोट्यापर्यंत तंबू. आत हात घेऊन ती ओलं काढते, कोरडं घालते, बाहेर फक्त मुंडकं दिसतं. कुठल्याही दाराच्या आत न जाता, भर तलावाच्या काठावर. दुकानात टॉवेलच्या कापडाचे टोपीवाले झगे मिळतात तेही चालतात, पण ते जड, आणि भिजले की वाळायला दिवस घेतात. सुती गाऊन दोन तासांत खडखडीत.

कपडे निवडताना मी दोन चुका केल्या, त्या तुम्ही करू नका. लेकीला पाठीवर चेन असलेला एकसंध कॉश्च्युम आणला. कोरडा असताना छान, ओला झाला की कातडीला चिकटतो आणि चेनपर्यंत लेकराचा हात जात नाही. वरचा आणि खालचा भाग वेगळा असलेला घ्या, अंगभर बाह्यांचा घेतला तरी चालेल, पण दोन तुकडे असू द्या. मुलांच्या पोहायच्या चड्डीला नाडी असते. ओल्या नाडीची गाठ मोठ्यांनाही सुटत नाही, भाच्यानं एकदा दातानं सोडायचा प्रयत्न केला. नाडी काढा, इलॅस्टिक घाला.

आता न्हाणीतली तालीम. बॅच सुरू व्हायच्या आधी तीन-चार संध्याकाळी लेकराला पोहायचे कपडे घालून अंगावर पाणी ओता आणि म्हणा, "आता तुझं तू बदल, मी बाहेर आहे." घड्याळ लावू नका. पहिल्या दिवशी लेकीला पंधरा मिनिटं लागली आणि चड्डी उलटी आली. शिकवायचा क्रम असा: आधी डोकं आणि पाठ पुसायची, मग तंबू गळ्यात, मग ओलं वरून खाली गुंडाळत काढायचं, ओढून नाही. कोरडी चड्डी बसून घालायची, उभ्यानं एका पायावर नाही. फरशीवर घसरून पडण्याचे प्रकार तिथंच होतात. ओले कपडे लगेच पिशवीत, नाहीतर ते खोलीत राहतात आणि तुम्ही पुन्हा त्या दाराशी उभे.

पिशवीत: तंबू, पातळ पंचा (जाड टॉवेलपेक्षा बरा, पटकन पिळता येतो), कोरडे कपडे घालायच्या क्रमानं वरून खाली लावलेले, ओल्यासाठी वेगळी प्लास्टिकची पिशवी, रबरी चप्पल. साबण-शाम्पू नेऊ नका. अंघोळ घरी. तिथं जितका वेळ कमी तितकं बरं.

४. प्रत्यक्ष दाराशी

बाबा आणि लेक. सात वर्षांच्या आतली असेल आणि पुरुषांच्या खोलीत जावंच लागलं, तर बॅच सुटल्यावर दहा मिनिटं थांबा. गर्दी ओसरते. दारातूनच आवाज द्या, "लेकरू आहे हो बरोबर, आत येऊ का?" हे वाक्य जादूसारखं चालतं, लोक आपणहून टॉवेल सावरतात. कोपरा गाठा, लेकीचं तोंड भिंतीकडं, तिच्यामागं तुमची पाठ खोलीकडं. दोन मिनिटांत बाहेर. मोबाईल खिशातून काढायचाच नाही, फोन वाजला तरी. तुम्ही वेळ बघताय हे तुम्हाला माहीत असतं, समोरच्याला नाही.

लेक एकटी महिलांच्या खोलीत जात असेल तर तिच्याबरोबर आत कोण आहे हे ठरलेलं पाहिजे. मी ज्यांच्या स्वतःच्या मुली त्याच बॅचला आहेत अशा एका आईंना विनंती केली, तीही कोचसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "ताई, हिला फक्त कप्पा मिळतोय का तेवढं बघाल का? बदलायचं ती करते." कुणावर लेकराचे कपडे बदलायचं ओझं टाकू नका. आणि दाराच्या अगदी तोंडाशी उभे राहू नका, चार पावलं मागं, पाठ वळवून. आमची लेक आतून पाढे म्हणायची, मी बाहेरून ऐकायचो. बाराच्या पाढ्यापर्यंत बाहेर यायची. आवाज थांबला की मी मावशींना हाक मारायची, असं ठरलं होतं.

आई आणि लेक, म्हणजे मुलगा. हीच रीत, पण आईला एक जास्तीची अडचण: पुरुषांच्या खोलीत तिचा आवाजही पोहोचत नाही आणि तिथं तिला ओळखीचंही कुणी नसतं. भाच्याच्या त्या चार दिवसांनंतर ताईनं खोलीच सोडली. तंबू आणि काठावरचा बाक. तो म्हणाला, "हा बायकांचा गाऊन आहे." मग तिनं त्याच मापाचा निळ्या लुंगीचा शिवला. आता त्याच्या दोन मित्रांनाही तसाच पाहिजे.

"मी घेऊन जातो ना, तुम्ही कशाला काळजी करता" असं म्हणणारा एखादा मदतीला तत्पर माणूस सगळीकडं भेटतो. बहुतेक वेळा तो खरंच भला असतो. तरीही कुणा एकट्या मोठ्या माणसाबरोबर लेकराला बंद दाराआड पाठवायचं नाही, मग तो कोच असो की शेजारी. नाही म्हणताना मला आधी संकोच वाटायचा. आता "तिची तिला सवय लावतोय" एवढं म्हणतो.

५. घाट, तीर्थ आणि जत्रा

तलावावर निदान दोन दारं तरी असतात. तुळजापूरला पायऱ्या उतरून कल्लोळ तीर्थावर, गोमुख तीर्थावर पोहोचा, किंवा नाथषष्ठीला पैठणच्या गोदेच्या काठावर उभे राहा. तिथं खोली शोधण्यापेक्षा आपल्या बायकांची जुनी रीत बरी: दोघींनी साडी ताणून धरायची, तिसरीनं मागं बदलायचं. पण त्याला तीन बायका लागतात. एकटा बाबा आणि लेक असेल तर साडी धरणार कोण?

म्हणून सरळ सांगतो. अंघोळ मुक्कामाच्या खोलीवर उरका आणि तीर्थावर हातपाय धुवा, डोक्याला पाणी लावा. देवी रागावत नाही. लेकरू हट्टच करत असेल तर गडद रंगाचे सुती कपडे घालून उतरवा. पांढरे नकोत, भिजले की अंग दिसतं. आणि वर आल्यावर तोच तंबू. षष्ठीच्या गर्दीत तंबू घालायच्या आधी लेकराच्या हातावर बॉलपेनानं तुमचा मोबाईल नंबर लिहा. कपडे बदलायच्या गडबडीत हात सुटतो.

वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला शर्ट काढूनच जावं लागतं. लेक बरोबर असेल तर तुमचा शर्ट, पाकीट, तिची बाटली आणि तिचा हात, एवढं दोन हातांत मावत नाही. पाठीवरची सॅक बाहेर जोडीदाराकडं ठेवा, किंवा शर्ट कमरेला बांधा. पुरुषांचे कपडे उतरवलेले असतात आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही, हे लेकीनं तिथं बघितलं आणि तलावावरच्या आबांचा प्रश्न पुन्हा विचारला. त्याचं उत्तर मला रांगेत उभं राहून द्यावं लागलं.

एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, तो अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी. तान्ह्या लेकीचा लंगोट बदलायचाय म्हणून बाबांनी तिथं घुसू नये. नियंत्रण कक्षात विचारा, एखादं टेबल देतात. नाहीतर उभ्या गाडीचं मागचं सीट, कंडक्टरला विचारून.

कापड दुकानातल्या ट्रायल रूमबद्दल फार लिहीत नाही. लेकरासाठी कपडे घेताना ट्रायल टाळा, घरून बसणारा एक ड्रेस नेऊन त्यावर माप लावा. आत जावंच लागलं तर पडदा पूर्ण बंद होतो का, वरून मोकळं आहे का, एवढं बघा.

६. लेकराला काय शिकवायचं

दोन गोष्टी, आणि दोन्ही सारख्या महत्त्वाच्या. एक, पोहायचे कपडे जेवढं अंग झाकतात तेवढं त्याचं स्वतःचं. तिथं कुणी हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, आणि "आपलं गुपित" असं कुणी म्हणालं तर ते घरी येऊन सांगायचं. दोन, आत गेलं की आपली नजर आपल्या पिशवीवर. दुसऱ्यांकडं बघत राहायचं नाही, हसायचं नाही. पहिली गोष्ट आपण सगळे शिकवतो, दुसरी विसरतो.

घरी आल्यावर "कुणी त्रास दिला का?" असं विचारलं की लेकरू "नाही" म्हणतं आणि पळतं. "आत काय काय झालं आज?" असं विचारा आणि पोहे खाताना ऐका.

काही घडलंच तर कायदा माहीत असू द्या. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायदा आहे, ज्याला लोक पोक्सो म्हणतात. तो मुलग्यांनाही तेवढाच लागू होतो. त्यात लेकराचा जबाब घरीही घेता येतो आणि घेणाऱ्या पोलिसानं गणवेशात असू नये असं सांगितलं आहे, त्यामुळं ठाण्याच्या भीतीनं गप्प बसू नका. बाईचे कपडे बदलतानाचे फोटो काढणं, चोरून बघणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८, तातडीला ११२. तिथं जाऊन मारामारी करू नका, आणि संशयिताचा फोन हिसकावून त्यातलं स्वतःच काही पुसू नका. तोच पुरावा असतो.

७. मोठं पण मदतीची गरज असलेलं लेकरू

बारा-पंधरा वर्षांचा मुलगा, स्वतःचे कपडे स्वतः बदलू शकत नाही, आणि सोबत फक्त आई. वरचे सगळे हिशेब इथं लागू होत नाहीत. व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या, दिव्यांग प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा आणि नेमकं मागा: बॅच सुटल्यावर पंधरा मिनिटं एक खोली रिकामी, किंवा अपंगांच्या शौचालयाची किल्ली. "काहीतरी सोय करा" असं लिहिलं की काहीच होत नाही.

८. अर्ज सगळ्यांनीच द्यावा

आम्ही अकरा पालकांनी मिळून आमच्या तलावावर एक पानी अर्ज दिला. मागणी छोटी: दोन खोल्यांच्या मधल्या बोळात प्लायवूडचा एक कप्पा, आतून खाली लावलेली कडी, बाहेर पाटी 'लहान मुले व पालक'. मोठी मागणी केली असती तर ती निधीच्या फायलीत गेली असती. पहिल्या वर्षी उत्तर नाही. दुसऱ्या वर्षी प्लायवूड आलं, पडदा आला, पाटीही आली. कडी लेकरांच्या उंचीला मिळाली. खुंटी लावायची राहिली, म्हणून लेकीचे कपडे तीनदा ओल्या फरशीवर पडले. शेवटी मी हार्डवेअरच्या दुकानातून दोन खुंट्या आणल्या, वॉचमनकाकांकडून हातोडा घेतला, आणि एक माझ्या उंचीला, एक तिच्या उंचीला ठोकली.